बिनलोखंडी

तिने उजव्या पायातला जोडा काढून लाकडी टेबलावर ठेवला आणि नानांनी खिशातलं होकायंत्र त्याच्या टाचेजवळ नेलं. सुई जरा थरथरली, मग वळून जोड्याकडेच बघत राहिली.

"टाचेत खिळे," नाना म्हणाले.

"दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं, सगळं गोंदाने चिकटवलंय म्हणून."

"दुकानदाराला शपथ घ्यावी लागते. सुईला लागत नाही. दुसराही काढ."

दुसरा जोडाही टेबलावर आला. तिथे आधीच तिचा निम्मा संसार मांडलेला होता: घराची किल्ली, मोबाईल, छत्री, केसांतल्या चार पिना, स्प्रिंगचं पेन, आणि सदऱ्याच्या शिवणीतून निघालेली एक टाचणी, जिचा तिला स्वतःलाच पत्ता नव्हता. केस मोकळे सोडून ती झाडाखाली अनवाणी उभी राहिली. रोज सकाळी नऊच्या आधी असं सगळं उतरवून ठेवणं एव्हाना तिच्या अंगवळणी पडलं होतं. आज मात्र ती दिवस मोजत होती, कारण आज सोमवार होता आणि शुक्रवारी तिचे उमेदवारीचे सहा महिने भरत होते.

टेबलापासून वीस पावलांवर, वेधशाळेच्या आवाराच्या अगदी टोकाला, एक बुटकं घर होतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला बिनलोखंडी म्हणत. त्याचे खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या, दाराला कडीऐवजी लाकडी अडसर. माती भाजली की तिच्यातलं लोखंड जागं होतं, म्हणून वीट एकही नाही. भिंतीचा एकेक दगड म्हणे सुईपुढे धरून पारखला होता, आणि जे नापास झाले त्यांचा कर्मचाऱ्यांसाठी संडास बांधला होता. ही शेवटची गोष्ट नाना प्रत्येक पाहुण्याला न चुकता सांगत.

आत मधोमध एक दगडी खांब होता. खांबावर, काचेच्या पेटीत, रेशमाच्या एका धाग्याला बोटभर लांबीची चुंबकसुई टांगलेली होती आणि तिच्यावर छोटी दुर्बीण रोखलेली होती. दुर्बिणीला डोळा लावायचा, सुई नेमकी कुठल्या दिशेला बघते ते वाचायचं आणि वहीत पेन्सिलीने लिहायचं. काम एवढंच. सुई वर्षावर्षाला कणाकणाने दिशा बदलते आणि दूरदूरचे नकाशे करणारे या घरातल्या आकड्यांची वाट बघतात. गेली एकतीस वर्षं हे आकडे नाना लिहीत होते.

आता ती शिकत होती. नऊ वाजता नाना वाचायचे, मग ते बाहेर गेले की ती वाचायची. आणि दोघांच्या आकड्यांत रोज फरक पडायचा. अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या एका भागाचा. एवढासा, पण रोज तेवढाच आणि रोज त्याच बाजूला.

"हात बसला नसता," नाना वही मिटत म्हणाले, "तर फरक कधी इकडे पडला असता, कधी तिकडे. तुझा हात चांगला बसलाय. म्हणूनच सांगतो, तुझ्या अंगावर कुठेतरी लोखंड आहे."

"नाही हो, नाना. आता काय काढायचं राहिलंय?"

"ते मला काय माहीत? सुईला माहीत आहे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "शुक्रवारी मला लिहून द्यायचंय, हिचे आकडे जुळतात म्हणून. खोटं लिहायला सांगू नकोस."

तिने सांगितलं नसतंच. पण आकडे जुळले नाहीत तर तिला परत नोंदणी कचेरीत जावं लागणार होतं, जिथे नऊ वर्षं तिने कागदांवर शिक्के मारले होते. इथे आल्यापासून ती पहाटे आपोआप जागी व्हायची. असं याआधी कुठल्याच कामाने तिला उठवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने घर उपसलं. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे तो माणूस दिवसभर लोखंडातच लोळत असे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काळे हात पाठीमागे लपवले.

"म्हणजे मीच तुझ्या नोकरीच्या मुळावर उठलोय म्हणायचं."

"हसू नकोस. आधी आंघोळ कर."

आंघोळ करून तो दुकानातून एक मोठं चुंबक घेऊन आला, जुन्या लाऊडस्पीकरमधलं. दोघांनी ते घरभर फिरवलं. सुरुवातीला ती खेळीमेळीत होती. पलंग, पंखा, कात्री, विळी, हे तर दिसतच होतं. मग लाकडी खुर्चीला चुंबक चिकटलं, कारण आत स्क्रू होते. प्लास्टिकच्या बादलीला चिकटलं, कडीमुळे. गादीच्या गुंड्यांना चिकटलं. भिंतीवरच्या फोटोला, चहाच्या पिशवीच्या दोऱ्यावरच्या इवल्याशा पिनेला, वह्यांच्या पाठीला, पावडरच्या डब्याला, तिच्या आतल्या कपड्यांच्या हुकांना. स्टीलच्या ताटाला चिकटलं नाही म्हणून ती खूश झाली, तर त्याच ताटातल्या चमच्याने उडी मारून चुंबक पकडलं.

सासूबाई पलंगावर पाय घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आपला हात पुढे केला.

"मला लावून बघ गं. एवढी वर्षं खाल्लेल्या गोळ्या कुठे जाताहेत ते तरी कळेल. डॉक्टर म्हणतो, अंगात लोखंड कमी आहे."

"आई!" ती एकदम थबकली. "मीसुद्धा घेतेय त्या गोळ्या. सहा महिने झाले."

"मग सोड," नवरा म्हणाला.

"सोडू नकोस, चक्कर येऊन पडशील," सासूबाई म्हणाल्या. "नोकरी राहील आणि तू जाशील."

शेवटी तिने चुंबक नुसत्या जमिनीवरून फिरवलं. उंबऱ्यापाशी, खिडकीखाली, कपाटामागे. उलटं करून पाहिलं तर त्याला काळी, बारीक लव फुटली होती. धूळ होती ती. रोज झाडून बाहेर काढलेली आणि रोज परत आलेली, रस्त्यावरची, गाड्यांच्या ब्रेकची, कुणाच्या तरी छपराची, मातीची. ती फतकल मारून जमिनीवर बसली आणि त्या लवेवर हलकेच फुंकर घातली. एकही कण सुटला नाही. आपण आयुष्यभर या गोष्टीत बुडालेलो होतो आणि आपल्याला कधी दिसली नव्हती, या विचाराने तिचं डोकं सुन्न झालं. नवरा शेजारी येऊन बसला आणि तोही बराच वेळ बघत राहिला. रोज लोखंड हाताळणारा माणूस, पण असं त्यानेही पाहिलं नव्हतं.

मंगळवारी ती सासूबाईंनी हाताने शिवलेला, नाड्या बांधायचा सुती झगा घालून गेली. त्यात हुक नव्हता, बटण नव्हतं, काही नव्हतं. गोळीही घेतली नव्हती. फरक एक भाग.

गोळ्यांचं ऐकून नानांना हसू आवरेना. "अगं, रक्तातलं लोखंड सुईला दिसत नाही. ते दिसत असतं तर मी तरी आत कसा जाऊ शकलो असतो? गोळी घे बघू आधी." मग डोळे पुसत ते पायरीवर बसले आणि त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला. "गंमत माहीत आहे का? या खाली, तीन हजार किलोमीटर खाली, लोखंडाचा समुद्र आहे. वितळलेला. सारखा हलतो. त्याच्यामुळे ही सुई वळते. तो एवढ्या लांबून बोलतो आणि त्याचा आवाज एवढा बारीक, की तुझ्या केसातली एक पिनही त्याला गप्प करते. आपण लोखंड दाराबाहेर ठेवतो ते लोखंडाचंच ऐकायला."

तिच्या अंगावर काटा आला. अनवाणी पायांखालची फरशी एकदम पातळ वाटू लागली. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या दाराशी येऊन आपल्याला परत शिक्के मारायला जावं लागणार, हे तिला सहन होईना.

बुधवारी सकाळी कागदपत्र विभागातला लठ्ठ गृहस्थ तिला फाटकापाशी भेटला. तिच्याआधी दोन वर्षं तोच नानांच्या हाताखाली होता.

"जुळत नाही ना?" त्याने आपणहून विचारलं. "महिनाभर माझंही जुळत नव्हतं. नाना आधी वाचतात, वही तिथेच उघडी असते. बघायचं आणि थोडं इकडचं तिकडे करायचं. माझ्या आधीच्यानेही तेच केलं. कुणाचं काय बिघडलं?"

त्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावून तिने आकडा वाचला, आणि त्यात एक मिळवून लिहिला.

नाना आत आले, वहीवर वाकले आणि दोन्ही आकड्यांवरून त्यांचं बोट दोनदा फिरलं. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"जुळलं! मी म्हणत होतो ना? काय होतं गं? काय काढलंस?"

"झगा बदलला," ती म्हणाली.

"झगा!" नानांना त्याचंही अप्रूप वाटलं. "पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. रोज वाटायचं, हे कुणाच्या हाती द्यायचं? आज झोप लागेल मला."

नानांना लागली असेल. ती मात्र जेवताना घास तोंडात घोळवत राहिली. नवऱ्याने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, पण तिने दाद लागू दिली नाही. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं म्हणायची सोयही उरली नव्हती. त्या पोटात काय आहे ते तिला आता माहीत होतं.

गुरुवारी टेबलापाशी नाना होकायंत्र काढायच्या आतच तिने सांगून टाकलं.

"नाना, काल मी एक मिळवला."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी आत जाताना रोज ठेवत तसं होकायंत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं, आणि आत जाऊन बुधवारचं पान उघडलं.

"खरा आकडा आठवतोय?"

तिने सांगितला. नानांनी खोट्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, वर खरा आकडा लिहिला, शेजारी आपली सही केली आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. तिने सही केली. आता हे नोकरी गेली म्हणून सांगणार, असं तिला वाटलं.

"बाकीचे?" नानांनी विचारलं.

"सहा महिन्यांतला एवढा एकच. बाकी सगळे मला दिसले तसे आहेत."

"मग चल. आज तुझ्या अंगातलं लोखंड सापडल्याशिवाय मी घरी जात नाही."

बिनलोखंडीच्या मागे एक अंधारी खोली होती. नवे दगड, नवी उपकरणं पारखायची. तिथेही धाग्याला टांगलेली सुई होती, पण फार हलकी, आणि तिला नखाएवढा आरसा चिकटवलेला. नानांनी तांब्याचा दिवा लावला. आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर, आखलेल्या रेघांच्या मधोमध जाऊन बसला. सुई केसभर वळली तरी ठिपका हातभर सरकतो, नाना म्हणाले. ते स्वतः दाराशी उभे राहिले, ठिपका नीट दिसावा म्हणून.

"आधी पाय ने जवळ. हळू. आता गुडघे. कंबर. हात, एकेक. आता वाक, डोकं ने."

ती वाकली. ठिपका जागचा हलला नाही.

"पुन्हा."

पुन्हाही नाही. ती नखशिखांत कोरी होती.

"असं कसं होईल?" नाना पुटपुटले. "धागा अडकला असणार. सरक, बघू दे."

ते पुढे आले, दिव्याच्या बाजूने वाकले आणि त्यांनी धागा बघायला चेहरा सुईजवळ नेला.

ठिपका निघाला. सावकाश, रेघांमागून रेघा ओलांडत तो भिंतीवरून सरकला आणि पार कोपऱ्याजवळ जाऊन थांबला.

दोघांनीही तो पाहिला. नाना मागे झाले, ठिपका परत आला. ते पुढे झाले, तो गेला. त्यांनी सदरा काढून तिच्या हातात दिला आणि नुसते हात सुईजवळ नेले, तर ठिपका हलला नाही. छाती नेली, हलला नाही. मग डोळे मिटून त्यांनी चेहरा पुढे केला आणि अगदी हळू, उजवीकडून डावीकडे वळवला.

"नाना," ती म्हणाली.

"गप्प. तू बघ फक्त."

ती बघत होती. भिंतीवरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यामागोमाग सरकत होता, आणि डावी भुवई सुईसमोर आली तेव्हा सगळ्यात लांब गेला. एकतीस वर्षं नानांनी येणाऱ्या प्रत्येकाला पारखलं होतं. त्यांना पारखायला कुणी नव्हतं, आणि तशी गरज आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

नाना खाली बसले. त्यांचं बोट भुवईतल्या जुन्या, पांढऱ्या व्रणावर गेलं.

"वडील पाथरवट होते," ते म्हणाले. "मी सात वर्षांचा असेन. छिन्नीवर घाव बसला आणि काहीतरी उडून इथे लागलं. रक्त आलं. वडिलांनी फडकं बांधलं आणि म्हणाले, दगडाची कपची होती, गेली उडून." त्यांनी व्रण दाबून पाहिला. "छिन्नीचीच होती."

दुपारी दोघं इस्पितळात गेली. डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरला. डाव्या भुवईच्या हाडात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरंशुभ्र दिसत होतं. त्याच्यावर हाड चढलंय, डॉक्टर म्हणाला, डोळा अगदी जवळ आहे, त्रास नाही तर या वयात मी हात लावणार नाही.

बाहेरच्या बाकावर नाना एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन बसले.

"एकतीस वर्षं," नाना म्हणाले. "मी डोळा लावला की ती माझ्याकडे वळायची. आणि मी लिहायचो, उत्तर."

"फरक कायम तेवढाच आहे, नाना. रोज एक भाग. सगळे आकडे दुरुस्त होतील."

"होतील." त्यांनी मान हलवली. "तुझ्या सहा महिन्यांमुळे होतील. तूही पहिल्या दिवसापासून एक मिळवला असतास, तर हे कुणाला कधी..." मग त्यांनी पाकीट पुन्हा उघडलं आणि ती पांढरी कणी आकाशाच्या उजेडात धरली. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर नवलच पसरलं. "पण केवढीशी आहे बघ. केवढीशी! आणि तिने मला पृथ्वी वाकडी दाखवली."

मग पाकीट नीट बंद करून त्यांनी काखेत धरलं. "वाईट याचं वाटतं, की मी तिला सरळ कधी पाहिलीच नाही. आणि आता पाहणार नाही."

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्यात आधी तिच्या कागदावर सही केली. आकडे जुळतात, या छापील ओळीवर काट मारून त्यांनी खाली लिहिलं, 'हिचे बरोबर आहेत', आणि कागद संचालकबाईंकडे पाठवून दिला.

नऊला दहा कमी असताना दोघं बिनलोखंडीत गेली. तिने दुर्बिणीला डोळा लावला. नाना बाहेर न जाता खांबापाशी, तिच्या खांद्याशी उभे राहिले.

"बघ, माझ्यामुळे हलते का."

"हलते. थोडीशी."

त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. "आता?"

"अजून किंचित."

आणखी एक पाऊल. पितळी बिजागऱ्या वाजल्या, त्यांची पाठ दाराला लागली होती.

"पुरे, नाना. आता काहीच नाही."

"तरीपण," नाना म्हणाले, आणि उंबरा ओलांडून बाहेर जाऊन पायरीवर बसले. वही मांडीवर घेतली, पेन्सिल हातात धरली. "हं. सांग."

ती पुन्हा वाकली. काचेच्या पेटीत सुई संथ होत आली होती. तिचं टोक एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे, मग दोन्ही बाजूंना जाणं कमी कमी होत तिने एक जागा निवडली आणि तिथेच राहिली. खोलीत कुणीच नसल्यासारखी.

"नाना, या ना, बघा..." तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

बाहेर वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"तूच सांग," नाना म्हणाले. "कशी दिसते?"

तिने तोंड उघडलं ते आकडा सांगायला. पण मग ती आधी सुईच्या टोकावरचा उजेड सांगू लागली, धाग्याचा पीळ, रेघेच्या शेजारी टोक कसं टेकलंय, थरथर कशी थांबली. नऊ वाजून गेले. पायरीवर नानांची पेन्सिल कागदाला टेकलेली होती आणि त्यांनी तिला घाई केली नाही.